कोण कुणाचा माणूस

परवा ऑफिसबाहेरच्या टपरीवर टीममधल्या एका पोरानं विचारलं, "दादा, रीसेलचा फ्लॅट बघतोय. वकील वेगळा करावा लागतो का? बँकेचा असतोच ना?"

मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "शनिवारी लिहितो." कारण ह्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं, पण मला ते कळायला अडीच महिने लागले होते. त्यातले निदान तीन आठवडे नीट झोपही लागली नव्हती. त्यामुळे आज जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. २०२२ च्या जुलैमध्ये आम्ही कोथरूडमध्ये एक टू बीएचके बघितला. इमारत १९९४ ची, तीन मजली, लिफ्ट नाही. पण खाली आंब्याचं झाड, आणि भाजी आणायला गाडी काढायला नको. आम्ही तेव्हा भाड्यानं राहत होतो. दर अकरा महिन्यांनी घरमालकाचा फोन आला की बायकोच्या कपाळाला आठी पडायची. फ्लॅट बघून दोघंही खूष. तिची तक्रार एकच, "ओटा किती खाली आहे! इथे उभं राहून पोळ्या लाटल्या तर महिन्याभरात कंबर जाईल." मी म्हटलं, ओटा काय, तोडून नवा करता येतो.

किंमत ठरली ८२ लाख. विकणारे गृहस्थ पंचेचाळिशीचे, सरळ, कमी बोलणारे. एजंट त्यांना 'मालक' म्हणायचा म्हणून मीही तेच म्हणायला लागलो. हा शब्द पुढे किती महाग पडू शकतो याची तेव्हा कल्पना नव्हती.

जुलैच्या मध्यात पाच लाखांचा विसार दिला. त्यातले तीन लाख बाबांची एफडी मुदतीआधी मोडून आले होते. विसारपावती एजंटनं तयारच आणली होती, स्टँपपेपरवर छापून. ४५ दिवसांत साठेखत करायचं, खरेदीदारानं माघार घेतली तर विसार जप्त, अशा अर्थाचं काहीतरी. मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा माणूस, ती पावती मात्र दीड मिनिटात वाचून सही करून मोकळा झालो. एजंटनं पेढा दिला. पेढा चांगला होता.

आता मला त्या वेळी काय वाटत होतं ते प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या डोक्यात चित्र असं होतं: घर शोधतो तो एजंट. त्याला दोन्ही बाजूंनी एकेक टक्का मिळतो, म्हणजे तो दोघांचंही हित बघणार. कागद तपासते बँक, कारण ६० लाख तिचे आहेत. सोसायटीकडे मालकांची यादी आहेच. आणि शेवटी सगळ्यावर सरकारी शिक्का मारतो रजिस्ट्रार, म्हणजे चुकीचं काही असेल तर तो अडवेलच. चार चाळण्या. इतक्यांतून खडा खाली पडणार कसा?

बँकेचं मंजुरीपत्र तर चार दिवसांत आलं. घरी पेढे आणले (हे दुसरे पेढे).

मग राखी पौर्णिमा आली. त्यानंतरच्या रविवारी आई-बाबांना घर दाखवायला नेलं. मालकांच्या मनगटावर राखी होती. आईनं सहज विचारलं, "बहीण इथेच असते का तुमची?"

"नाही, इंदूरला. पोस्टानं आली यंदा."

चहा झाला, बाबांनी खिडक्या उघडून-लावून बघितल्या, आम्ही निघालो. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "घर त्यांच्या वडिलांनी घेतलेलं ना?"

"हो. वडील २०१६ मध्ये गेले. आई आधीच गेलेली."

"मग तिची सही नको का रे?"

मी म्हटलं, "अगं, शेअर सर्टिफिकेटवर ह्यांचं नाव आहे. मागच्या बाजूला सोसायटीनं नोंद केली आहे."

आई बाहेर बघत म्हणाली, "माझी घेतली होती. साताऱ्याच्या घराची."

बस, एवढंच. पण घरी येईपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता.

सोमवारपासून मी एकेकाला विचारत सुटलो. ही यात्रा म्हणजेच 'कोण काय करतं' ह्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एजंट. तो म्हणाला, "साहेब, सर्टिफिकेटवर नाव आहे ना? मग झालं की. उगाच बहिणीबिहिणीच्या भानगडीत पडाल तर डील लांबेल." ह्यात लबाडी नव्हती. त्याला पैसे व्यवहार झाला की मिळतात, झाला नाही की मिळत नाहीत. त्यामुळे तो माझाही माणूस नाही आणि मालकांचाही नाही, तो व्यवहाराचा माणूस आहे. आता रेरामध्ये एजंटांची नोंदणी असते, महारेरानं तर २०२३ पासून त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. पण कायद्यानं ही नोंदणी सक्तीची आहे ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी. १९९४ ची इमारत त्या जाळ्यात येतच नाही.

मग सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त गृहस्थ, लुंगीवर, हातात चाव्यांचा जुडगा. त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं. "वडिलांनी नॉमिनेशनमध्ये मुलाचं नाव दिलं होतं. ते गेले, आम्ही नॉमिनीच्या नावावर शेअर चढवले. मालक कोण हे आम्ही ठरवत नाही हो. मेंटेनन्सचं बिल कोणाला पाठवायचं, मीटिंगला कोण बसणार, एवढंच आमचं काम."

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे हजारो घरांत असं समजतात की नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ सालच्या इंद्राणी वही खटल्यात सांगितलं की सोसायटीनं नॉमिनीच्या नावावर शेअर वर्ग करायचे, पण बाकीच्या वारसांना आपला हक्क सिद्ध करायचा मार्ग मोकळाच राहतो. महाराष्ट्रात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' असंच म्हणतात, वारस ठरेपर्यंतचा. आणि वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेलं घर असेल, मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. तेही २००५ पासून नव्हे, १९५६ पासून. २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल होती.

म्हणजे मी ज्यांना मालक म्हणत होतो ते निम्मे मालक होते. मी ८२ लाख देऊन अर्धं घर विकत घेणार होतो. उरलेलं अर्धं इंदूरला होतं आणि त्याला काही पत्ताच नव्हता.

मग बँकेच्या माणसाला फोन केला. (हा बँकेचा म्हणजे कर्ज विकणारा पोरगा. गोड बोलायचा, महिनाअखेरीला जास्तच.) मी विचारलं, "कर्ज मंजूर करताना तुमच्या वकिलांनी हे बघितलं नाही का?" तो म्हणाला, "सर, लीगल अजून झालंच नाहीये. मंजुरी तुमच्या पगारावर दिली आहे. लीगल आणि टेक्निकल नंतर."

मंजुरीपत्र काढून वाचलं. दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, मालमत्तेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी समाधानकारक झाल्यास. बँकेनं मला पास केलं होतं, घराला नाही. आणि मी पेढे वाटून बसलो होतो.

बँकेचा वकील पुढे कधीतरी हे पकडणार होता, बहुतेक. पण त्यानं पकडलं असतं तर काय झालं असतं? बँकेनं कर्ज नाकारलं असतं. बँकेचे ६० लाख वाचले असते. माझे पाच लाख मात्र विसारपावतीत अडकून पडले असते, कारण कर्ज मिळालं नाही तर काय, हक्कात दोष निघाला तर काय, हे पावतीत कुठेच नव्हतं. ह्या वकिलाची फी माझ्याच खिशातून जाते, पण अहवाल जातो बँकेकडे. मी तो मागितला तेव्हा 'अंतर्गत कागद आहे' असं उत्तर मिळालं. तसंच मूल्यांकन करणाऱ्या इंजिनियरचं. तो आला, लेसरनं खोल्या मोजल्या, मोबाईलवर फोटो काढले, वीस मिनिटांत गेला. न्हाणीघराच्या भिंतीला ओल होती, त्याबद्दल एक अक्षर नाही. त्याला बघायचं होतं ते एवढंच, की हप्ते थकले तर हे घर विकून बँकेचे पैसे निघतील का.

आता राहिला रजिस्ट्रार, म्हणजे दुय्यम निबंधक. माझी शेवटची आशा.

इथे मी शेवटी एक वकील गाठल्या. बायकोच्या मैत्रिणीच्या ओळखीतून, शिवाजीनगर कोर्टाजवळ छोटं ऑफिस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचा वकील कोण आहे?"

"बँकेचा आहे."

"तो बँकेचा. तुमचा कोण?"

मी गप्प.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. निबंधकाचं काम दस्त नोंदवणं. दस्तावर मुद्रांक शुल्क बरोबर भरलंय का, सही करणारी माणसं तीच आहेत का, 'ही सही माझी आणि मला मजकूर कबूल आहे' असं ती समोर येऊन सांगतात का, हे तो बघतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, ह्याची हमी तो देत नाही. आपला नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि तो दस्तांची नोंद करतो, मालकीची नाही. ऑस्ट्रेलियात टॉरेन्स नावाच्या गृहस्थांनी १८५८ मध्ये दुसरी पद्धत आणली, तिच्यात सरकारी वहीत ज्याचं नाव तो मालक, आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तसं नाही. इथे कागदांची साखळी आपण स्वतः जोडून बघायची. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केलं: विक्रेत्याकडे हक्क आहे की नाही हे तपासणं उपनिबंधकाचं काम नाही.

वकीलबाईंनी तीस वर्षांचा सर्च घेतला. सूची क्रमांक २ मध्ये त्या फ्लॅटची शेवटची नोंद १९९४ ची, बिल्डरकडून वडिलांकडे. त्यानंतर काहीच नाही. वडिलांकडून मुलाकडे येणारी कडीच गायब. "शेअर सर्टिफिकेट बघून सगळे खूष होतात," त्या म्हणाल्या, "पण ह्यांना घर मिळालं कसं, हा प्रश्न कोणी विचारत नाही."

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांच्या युनिट टेस्ट हिरव्या होत्या. एजंटचं काम झालेलं, सोसायटीचं झालेलं, बँकेचं जेवढं व्हायचं तेवढं झालेलं. इंटिग्रेशन टेस्ट मात्र कोणाच्याच नावावर टाकलेली नव्हती. प्रत्येकानं गृहीत धरलं होतं की दुसरा बघेल. आणि ती लिहिली कोणी, तर पोस्टानं आलेली राखी बघून माझ्या आईनं.

मालकांना सांगायला मी आणि वकीलबाई दोघं गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबांनी माझं नाव घातलं होतं, मला वाटलं घर माझंच. आणि ती काही मागणार नाही हो."

"मागणार नाही हे त्यांनी सांगायला हवं," वकीलबाई म्हणाल्या, "आणि कागदावर, रजिस्टर करून."

रस्ते दोन होते. एक, बहिणीनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, मग भाऊ एकटा विकणार. दोन, तिनंही विक्रेती म्हणून दस्तात यायचं. मालक म्हणाले, फोन करतो.

आठवडा गेला. काही कळेना. ४५ दिवसांची मुदत संपत आलेली, एजंट रोज फोन करतोय. रात्री मी एक्सेलमध्ये आकडे मांडत बसायचो. ८२ लाख, त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ७४ हजार (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट असते, आमचं दोघांच्या नावावर होतं), नोंदणी फी ३० हजार, दलाली ८२ हजार आणि तिच्यावर जीएसटी. त्या सगळ्यात एकच ओळ लाल करून ठेवली होती. पाच लाख, विसार. बाबांनी एकदाही काही विचारलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटायचं. शेवटी वकीलबाईंनी विसाराची मुदतवाढ लेखी करून घेतली आणि त्यात एक ओळ घातली: विक्रेत्याच्या हक्कात दोष राहिला किंवा त्यामुळे कर्ज नाकारलं गेलं तर विसार परत. मालकांनी लगेच सही केली. त्या रात्री झोप लागली.

गौरींना ती आली. आम्हाला बोलावलं, आईलाही आवर्जून. चाळिशीला टेकलेली, शाळेत शिकवणारी. बोलण्यात इंदूरचा हेल. घर दाखवायला उठली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, ओट्यावर हात ठेवून म्हणाली, "हा बाबांनी माझ्या उंचीचा करून घेतला होता. आई गेली तेव्हा मी चौदाची. आधीच्या ओट्यावर माझा हात नीट पोचायचा नाही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे.

मग बाहेर येऊन ती म्हणाली, "दादानं फोनवर विचारलं, एक सही करशील का? मी विचारलं, कशाची? तर त्यालाच नीट सांगता येईना. मग मी तिथल्या एका वकिलांना विचारलं. मला घर नकोय, विकायला माझी ना नाही. पण हक्क सोडला असं मी लिहून देणार नाही. मी विकते आहे असं लिहा."

मालक म्हणाले, "निम्मे तिचेच. मला हे आधीच सुचायला हवं होतं."

परत येताना आई रिक्षात पुन्हा बाहेर बघत बसली होती. कोथरूड डेपो गेल्यावर म्हणाली, "मी विचारलंच नव्हतं, कशाची ते."

मला काही बोलता आलं नाही. आजही नक्की काय बोलायला हवं होतं ते माहीत नाही.

पितृपक्षात कोणी सह्या करत नाही, त्यामुळे नवरात्र उजाडलं. ती रात्रीच्या बसनं पुन्हा आली. दस्तात विक्रेता क्रमांक १ भाऊ, विक्रेता क्रमांक २ बहीण. निबंधक कार्यालयात दोन तास बाकड्यावर आणि वीस मिनिटं आत. अंगठा, वेबकॅमवर फोटो, ओळख पटवणारे दोन जण. अधिकाऱ्यानं तिला विचारलं, "मजकूर वाचलात? कबूल आहे?" ती म्हणाली, "वाचलाय. कबूल आहे." एवढंच त्याचं काम, पण त्या दिवशी मला ते काम फार मोठं वाटलं.

पैशांच्या बाजूला एक गंमत. घर ५० लाख किंवा त्याहून जास्तीचं असेल तर विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का टीडीएस कापून सरकारला भरायचं काम खरेदीदाराचं. एजंट हे सांगत नाही, बँकही बहुतेक वेळा सांगत नाही, आणि विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्या माथी. आम्ही खरेदीदार दोन, विक्रेते दोन, म्हणून २६ क्यूबी फॉर्म चार, प्रत्येकी साडेवीस हजारांचा. कार्टेशियन प्रॉडक्ट प्राप्तिकर खात्यानं शिकवला :-) (प्राप्तिकराचा कायदा २०२५ साली नव्यानं लिहिला गेलाय, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे नंबर तुमच्या सीएकडून खात्री करून घ्या. विकणारा परदेशात राहणारा असेल तर नियमच वेगळे, तिथे सीएशिवाय एक पाऊलही टाकू नका.)

त्यानंतरची कामं रटाळ पण सोपी. सोसायटीत नाव चढवणं (महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतराचं प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि आदर्श उपविधींप्रमाणे विकायला सोसायटीचा ना-हरकत दाखला सक्तीचा नाही, पण बँक मागते म्हणून सगळे घेतात), महावितरणकडे वीजमीटरवर नाव, महापालिकेत मिळकतकराला नाव. ही कामं आपोआप होत नाहीत. प्रत्येक खिडकीवर आपणच जायचं.

कॅलिफोर्नियातल्या मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे विसार विक्रेत्याच्या हातात जातच नाही, तो एस्क्रोत म्हणजे तिसऱ्या तटस्थ माणसाकडे राहतो. हक्कात दोष निघाला तर टायटल इन्शुरन्स. मजा अशी की हा विमा तिथे निघाला त्याचं कारणही हेच. कागद तपासणाऱ्याची चूक आणि नुकसान खरेदीदाराचं, अशा भांडणातून १८७६ मध्ये फिलाडेल्फियात पहिली कंपनी उभी राहिली. म्हणजे प्रश्न सगळीकडे सारखाच. त्यांनी त्या कामासाठी एक माणूस नेमला. आपल्याकडे ती खुर्ची रिकामी आहे, आणि तिच्यावर आपण स्वतः बसायचं असतं.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. विसार देण्याआधी स्वतःचा वकील करायचा, नंतर नाही. मला पंधरा हजार लागले. पाच लाख आणि बाबांची एफडी पणाला लागलेली असताना ह्याहून स्वस्त काही घेतल्याचं आठवत नाही. विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा नाही, 'हे घर तुमच्याकडे कसं आलं?' हा विचारा. उत्तरात कोणी वारलेलं असेल तर थांबा आणि सगळ्या वारसांची नावं विचारा, लग्न होऊन गेलेल्या मुलींचीसुद्धा. घरावर कुठलं कर्ज आहे का हे सेरसायच्या साईटवर थोडी फी भरून कोणालाही बघता येतं. विसारपावती स्वतः लिहून घ्या, निदान 'हक्कात दोष निघाल्यास किंवा कर्ज न मिळाल्यास विसार परत' एवढी ओळ तरी.

विकणारे असाल तरी हेच, फक्त उलट बाजूनं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे तुम्हाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं दिसू न शकणारा दोष सांगणं ही तुमची जबाबदारी आहे, आणि विक्रीच्या तारखेपर्यंतचा करही तुमचाच. वारसांचं काम जाहिरात देण्याआधी उरकून घ्या. कर्ज असेल तर ते फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. आणि पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका, समोरचा कितीही चांगला वाटला तरी.

आणि ह्या सगळ्यात जो माणूस भेटेल त्याच्याबद्दल मनात एकच प्रश्न विचारायचा: हा कुणाचा माणूस? वाईट अर्थानं नाही. एजंट व्यवहाराचा, बँकेचा वकील बँकेचा, सेक्रेटरी सोसायटीच्या वहीचा, निबंधक दस्ताचा. प्रत्येक जण आपलं काम बरोबरच करत असतो. आपल्या बाजूचं कोणी नसेल, तर ते काम राहिलेलं असतं.

ओटा आम्ही नंतर उंच करून घेतला. मन होत नव्हतं, पण कंबर खरंच दुखायला लागली होती. जुन्या ओट्याचा कडप्पा फेकला नाही, गॅलरीत कुंड्यांखाली घातला आहे. गेल्या वर्षी ती पुण्यात आली होती तेव्हा येऊन गेली, तुळशीला पाणी घालताना तिनं तो ओळखला. काही बोलली नाही. चहा मात्र दोनदा घेतला.

असो. माझाही थंड झालाय. पुढच्या शनिवारी भेटू.